चंद्रेसाठी मासळीचा बर्फ

पत्रकाच्या पहिल्याच ओळीत मागणी लिहावी, असं मला शिकवलेलं आहे. तर मागणी अशी होती: आमच्या वाडीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, विहिरीपलीकडे, दोन सुपं शेजारी शेजारी ठेवली तर मावतील एवढी जमीन. मागणारी माझी वहिनी. नाकारणारे माझे वडील. बाकी सगळा तपशील.

पण तपशील सांगायलाच हवा. कारण आमच्या गावात ही गोष्ट अजून ‘त्या पहाडणीचं खूळ’ म्हणून सांगतात, आणि ऐकणारे हसतात. मराठी राज्यासाठी मी पत्रकं लिहिली, भिंती रंगवल्या, अलिबागेच्या सभेत माईक बंद पडला तेव्हा गळा फाटेस्तोवर ओरडले. मग घरातल्या माणसाबद्दल खोटं पसरत असताना गप्प का बसू?

माझा भाऊ लष्करात हिशेबनीस. कुमाऊंच्या डोंगरात त्याची नेमणूक झाली, तिथंच त्यानं लग्न केलं आणि केल्यावर आम्हाला कळवलं. वर्षभरातच त्याची बदली सरहद्दीकडे झाली. तिथं बायको नेता येत नव्हती, म्हणून तो वहिनीला समुद्रकाठच्या आमच्या घरी सोडून गेला. जाताना मला म्हणाला, “तू आहेस म्हणून सोडतोय.” आईसमोर म्हणाला. आईनं ते बरोबर लक्षात ठेवलं.

वहिनीच्या ट्रंकेत दोन लोकरीचे स्वेटर होते, इथं नुसते बघूनही घाम फुटावा असे. आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक मुळ्यांचा गड्डा होता. बोटांसारख्या जाड, तपकिरी मुळ्या आणि माथ्यावर लालसर डोळे. तिच्या आईनं निघताना घरामागून खणून दिलेला. तिकडे त्याला चंद्रा म्हणतात. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत पिओनी. बर्फ वितळायला लागला की जमिनीतून लाल कोंब वर येतात, बायका कोवळ्या पानांची भाजी करतात, आणि जी झुडपं खुडायची राहतात त्यांना तळहाताएवढं पांढरं फूल येतं, मध्ये पिवळाजर्द पुंजका. हे सगळं वहिनीनं मला हातवाऱ्यांनी सांगितलं, कारण तेव्हा तिला मराठी येत नव्हतं आणि मला हिंदी बोलायची लाज वाटायची. चळवळीतली पोरगी ना मी!

पहिल्या वर्षी वडिलांनी त्या गड्ड्याचा घात केला. मुद्दाम नाही, हे लिहून ठेवते, कारण माझे वडील दुष्ट नाहीत. ते वाडीवाले आहेत. त्यांनी गड्डा बघितला आणि त्यांना सुरण दिसला. सुरणासारखा खोल पुरला, वरून माती चढवली. आली कशीबशी पानं. पावसाळ्यानंतर ती पिवळी पडली. वहिनी आईबरोबर पालीला गणपतीच्या दर्शनाला गेली होती, तेवढ्यात बाबांनी गड्डा उपटून झटकला, टोपलीत घातला आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवून दिला. कोकणात बियाण्याचे गड्डे असेच जपतात. धुरानं कीड लागत नाही, उबेनं कुजत नाहीत. पुढच्या साली पुन्हा लावायचे.

वहिनी परत आली. जागेवर खड्डा. पदर डोक्यावरून खाली आला तरी तिला भान नव्हतं. मी माळ्याकडे बोट दाखवलं. ती शिडीवर चढली, टोपली छातीशी धरून खाली आली. नाकाला, गालाला काजळी.

“मामंजी, ह्याला थंडी पाहिजे,” ती म्हणाली. “तुम्ही धूर दिला.”

“अगं, आमच्याकडे असंच करतात सूनबाई.”

“हो,” वहिनी म्हणाली. “तुमच्याकडे.”

मला तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्याकडे येईल त्याला आम्ही आमच्या पद्धतीनं जपतो, मग त्यात तो मेला तरी चालेल. वर म्हणायचं, एवढं केलं तरी किंमत नाही!

दुसऱ्या वर्षी तिनं कुणाचा हात लागू दिला नाही. गड्ड्याचा एक भाग वाळून गेला होता, तो कोयतीनं छाटला. ओढ्याची रेती आणून चढ केला, कारण आमचा पाऊस त्या मुळाला महिन्यात कुजवील हे तिला पहिल्याच श्रावणात कळलं होतं. गड्डा वरच्यावर लावला, इतका वर की डोळे जेमतेम झाकले जावेत. खोल पुरला की तो फुलत नाही, म्हणाली. पावसाळ्यात वर झावळ्यांचं छप्पर. वाडीला पाटाचं पाणी सोडतात तेव्हा ते आत शिरू नये म्हणून भोवती मातीचा बांध. शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत उभे राहायचे. काका म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीचे मालक, पेन्शनीत निघालेले, दुसऱ्याच्या वाडीत काय चाललंय याची चौकशी हाच पूर्ण वेळ उद्योग.

“काय गं,” ते मला म्हणाले, “तू ते मराठी राज्य मागतेस ना?”

“मागते. तुम्हीही मागायला हवं.”

“मग ही पहाडी झाडं कशाला घरात? आधी आपल्या मातीतलं बघा.”

“काका, तुमच्या परसात काजू आहे. कुठला तो?”

“काजू कोकणातलाच!”

“फिरंग्यांनी आणला. मिरचीसुद्धा. दुपारी बटाट्याची भाजी खाल्लीत ती? पेरू, पपई, अननस? उद्या सगळं परत पाठवू या गलबतात घालून. तुमच्या ताटात वरण-भात आणि मीठ उरेल.”

“तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.”

“मग रोज कुंपणाशी कशाला येता?”

त्या वर्षी मूठभर पानं आली. फूल नाही. शिमगा झाल्यावर एका संध्याकाळी बाबा ओटीवर बसून म्हणाले, “येत्या चैत्रात त्या कोपऱ्यात सुपारीचे खड्डे घ्यायचेत. रोपं तयार होतायत. ते झुडूप काढावं लागेल.”

मी उठून उभी राहिले. घरात उभं राहून बोलायची मला सवय आहे, आईला ती आवडत नाही. मी म्हटलं, फाशीच्या कैद्यालाही मुदत देतात, एक हिवाळा द्या. बाबा म्हणाले, दोन दिले. मी म्हटलं, पहिला तुम्ही धुरात घालवलात, तो धरायचा नाही. त्यावर त्यांना हसू आलं आणि ते नरमले. “बरं. एक हिवाळा. फूल आलं तर जागा तिची. नाही आलं तर सुपारीची.”

“ठरलं,” मी म्हटलं. वहिनी मागे मोरीत भांडी घासत होती. मी धावत जाऊन तिला बातमी दिली, जशी जिंकलेल्या वाटाघाटीची देतात तशी. तिनं राखेचा हात वर करून केस मागे सारले. मग पुढचं भांडं घेतलं.

आता प्रश्न थंडीचा. आमच्या किनाऱ्यावर थंडी म्हणजे काय, तर पौषात पहाटे म्हाताऱ्या माणसांनी शाल घ्यायची. वहिनी सांगायची, “वन्सं, हे झाड झोपलं पाहिजे. थंडी नाही तर झोप नाही. झोप नाही तर फूल नाही.” तिच्या घरामागे ते कित्येक आठवडे बर्फाखाली झोपायचं. मी म्हटलं, बर्फच पाहिजे ना? बर्फ बंदरावर आहे.

कोळ्यांची मासळी मुंबईला जाते, तिच्यासाठी मुंबईहून लाँचमधून बर्फाच्या लाद्या येतात, लाकडाच्या भुशात घातलेल्या. मासळी भरून झाली की तळाला तुकडे उरतात. आम्ही दोघी घमेलं आणि गोणपाट घेऊन बंदरावर गेलो. आमच्या आळीतल्या बायका बंदरावर जात नाहीत. आम्ही मासे न खाणारे लोक, नाकाला पदर लावून लांबून जाणारे. मी पदर लावला नाही, वहिनीनं तर उलट वाकून टोपल्या बघितल्या. तिच्याकडे नदीतले मासे खातात, हे तिनं घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं.

एक कोळीण पेटीवर बसून पान खात होती. “कशाला गो बाय बरफ? कोनाला ताप हाय?”

“झाडाला,” मी म्हटलं.

तिनं वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “झाडाला ताप? मंग डाक्तर बी माडावर चढनाराच लागंल.” आजूबाजूच्या बायका खदखदल्या. वहिनीही हसली. मग तिनं आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, की माझ्या आईच्या घरचं झाड आहे, त्याला बर्फाची सवय आहे, इथं त्याला झोप लागत नाही.

कोळीण उठली. “आयशीच्या घरचा हाय तं असा सांगायचा ना! ने. रोज ये सांजच्याला. आमचं काम उरकला का तुझा.” त्याच्या बदल्यात तिला आमच्या वाडीतली विड्याची पानं हवी होती. ती आम्ही नेत गेलो.

रोज संध्याकाळी बर्फाचे तुकडे रेतीच्या चढावर पसरायचे, वर भाताचं तूस, त्यावर गोणपाट. सकाळी हात लावला तर खालची माती गार लागायची. मी सभांसाठी बाहेरगावी गेले की वहिनी एकटी जायची. डोक्यावर गळकं घमेलं, पाठीवरून पाणी ओघळतंय, आणि सगळी आळी दारात.

बर्फ म्हणजे विषमज्वर, एवढंच गावाला माहीत. दोन दिवसांत आमच्या घरी समाचाराला माणसं येऊ लागली. एक आजी तर घरात शिरताना डोळे पुसतच शिरल्या. आईनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, “कुणी आजारी नाही, सुनेनं झाडाचं दुखणं ओढवून घेतलंय.” ‘दुखणं’ हा तिचाच शब्द. आजी रिकाम्या हातानं आल्या नव्हत्या, त्यांनी मोसंबी आणली होती. ती आम्ही खाल्ली.

मग वास आला. मासळीचा. बर्फ वितळून मातीत मुरत होता आणि शेजारीच देवाची जास्वंद. बाबा सोवळ्यात फुलं तोडायला गेले आणि तसेच परत आले.

“हे चालायचं नाही,” ते म्हणाले. “माशाचं पाणी वाडीत? विहिरीजवळ? देवाच्या फुलांजवळ?”

मी ह्याच क्षणाची वाट बघत होते. “बाबा, गेल्या वर्षी माडांना खत कसलं घातलंत?”

त्यांनी परडी या हातातून त्या हातात घेतली.

“सुकी मासळी. बैलगाडीभर. मी डोळ्यांनी बघितली. त्या माडाचा नारळ तुम्ही देवापुढे फोडता.”

“ते खत आहे. खताला विटाळ नसतो.”

“मग बर्फही खतच समजा.”

“खत विरघळून वाहत नाही!”

“पहिल्या पावसात कुठं जातं मग, काशीला?”

“तोंड सांभाळ, कार्टे.” पण मुद्दा बिनतोड होता, हे त्यांना कळलं होतं, मला कळलं होतं आणि दारामागे उभ्या आईलाही कळलं होतं. नारळ विकले जातात म्हणून त्यांची मासळी पवित्र. सुनेचं झुडूप विकलं जात नाही म्हणून त्याची मासळी अपवित्र. एवढंच ते शास्त्र. मी ते पत्रकात छापायला निघाले होते, आमच्या चळवळीतल्या लोकांनी थांबवलं. म्हणाले, हा विषय आपला नाही. कुणाचा आहे मग?

तोडगा आईनं काढला, म्हणजे शिक्षाच काढली. बर्फ घेऊन आलेलीनं डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तिला वाटलं, पौषातल्या संध्याकाळी विहिरीचं गार पाणी अंगावर घेऊन सून चार दिवसांत कंटाळेल. वहिनी डोंगरातली. रोज बर्फ टाकायची, विहिरीवर जायची आणि घागरीमागून घागर डोक्यावर घ्यायची. ओल्या केसांनी येऊन भाकऱ्या थापायची. एकदा शिंकलीसुद्धा नाही. काही आठवड्यांनी बघते तर विहिरीजवळच्या चुलाण्यावर हंडा तापत ठेवलेला. मी आईला विचारलं, “हे कुणासाठी?” आई म्हणाली, “तुला काय करायच्यात चौकशा? भाषणं संपली वाटतं.”

माघात कोंब आले. आगकाडीच्या गुलासारखे लालबुंद, चांगले जाड, गेल्या वर्षीच्या त्या मरतुकड्या पानांशी काही नातंच नसल्यासारखे. वहिनीनं मला हाताला धरून ओढत नेलं. दोघी वाकून बघतच राहिलो. मग पानं उलगडली, आणि एका दांड्याच्या टोकाला मिरीच्या दाण्याएवढी कळी दिसली. ती बोराएवढी झाली. बाबा रोज सकाळी रहाटाचे लोटे बघायच्या निमित्तानं विहिरीवर जाऊ लागले. लोटे ठणठणीत होते. काकांनी कुंपणातला एक दांडा काढून ठेवला, नीट दिसावं म्हणून. कोळीण विड्याची पानं न्यायला म्हणून आली आणि कळीपुढे उकिडवी बसून म्हणाली, “झोपली बया एकदाची.”

फाल्गुनात उन्हाचा कडाका आला. डोंगराकडून गरम वारा सुटला तो थांबेचना. वहिनीनं ओलं फडकं टांगून आडोसा केला, सावली केली. कळीचा हिरवा रंग आधी फिका झाला, मग तपकिरी. एक दिवस बोटानं दाबली तर आत कोरडी. पांढऱ्या पाकळीची कड तेवढी आत दिसत होती, कागदासारखी. वहिनीनं ती तोडली नाही. दांड्यावर तशीच ठेवली.

शिमगा झाला. चैत्र लागला. बाबा गड्याला घेऊन त्या कोपऱ्यात आले. गड्याच्या खांद्यावर पहार, बाबांच्या हातात दोरी आणि खुंट्या.

“फूल आलं नाही,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

माझे मुद्दे तयार होते. कळी आली म्हणजे अर्धी अट पूर्ण झाली. वारा हा काही झाडाचा दोष नव्हे. मुदतवाढ हा न्याय्य हक्क. मी तोंड उघडलं, एवढ्यात वहिनी म्हणाली, “वन्सं, तुम्ही थांबा.”

“अगं, मी तुझ्याच बाजूनं...”

“बाजू माझी, आणि बोलता तुम्ही. गेल्या वर्षी पण तुम्हीच बोलला. फूल आलं तर जागा, नाही तर नाही. कोणी ठरवलं? तुम्ही आणि मामंजींनी. मी तिथं भांडी घासत होते. मला विचारलं कोणी?”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढं भांडले, बंदरावर गेले, गावाच्या शिव्या खाल्ल्या, आणि हे ऐकायचं! पण दिल्लीवाल्यांनी आम्हाला न विचारता आमचा नकाशा आखला म्हणून मी गावोगाव बोंबलत फिरत होते.

वहिनी बाबांकडे वळली. पदर डोक्यावर होता, नजर मात्र सरळ. “मामंजी, अट मी घातली नाही. मी मानली पण नाही. मी बर्फ आणला, कारण झाडाला थंडी पाहिजे होती. तुम्हाला फूल दाखवायला नाही आणला.”

“मग जागा कशाला हवी? फूल नाही, फळ नाही.”

“असू दे म्हणून.”

“नुसतं असू दे म्हणून वाडीत काही लावतं का कुणी?”

“मी लावते.”

गडी पहारीवर हात ठेवून आभाळाकडे बघत होता. बाबांनी पहिली खुंटी ठोकली, दोरी ताणत पलीकडे गेले, दुसरी ठोकली. दोरी बरोबर झुडपावरून गेली, सुकल्या कळीला टेकून. सुपारीची ओळ दोरीत असावी लागते, बाबांची तर तालुक्यात नावाजलेली. ते दोरीच्या टोकाशी उभे राहून एक डोळा मिटून बघत राहिले. वहिनी झुडपाशेजारी उभी होती, हलली नाही. मीही तोंड मिटून उभी होते, आणि ते मला सभेत ओरडण्याहून अवघड गेलं.

विहिरीवरून आईचा आवाज आला. “अहो, एक खुंटी जास्त मारलीत तर काय सुपारी रुसणाराय?”

“ओळ वाकडी दिसेल.”

“दिसू दे.”

“लोक हसतील.”

“हसतातच आहेत की वर्षभर. सवय झाली.”

बाबांनी खुंटी मागितली. गड्याकडे आणखी नव्हती. मग त्यांनी स्वतःच एक झावळीचा दांडा छाटला, टोक काढलं आणि झुडपाच्या अलीकडे, चांगलं हातभर अंतर सोडून, ठोकला. दोरी उचलून त्या दांड्याभोवती वळसा घालायची वेळ आली तेव्हा एक हात कमी पडला. वहिनीनं दोरी धरली.

सुपाऱ्या आता कमरेएवढ्या झाल्यात. सगळ्या रांगा सरळ आणि उत्तरेची एक कोपऱ्यात फुगलेली. काकांनी विचारलंच, हे असं कसं? बाबा म्हणाले, “आमच्याकडे असंच करतात.” काकांना त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, त्यामुळे ते नाराज होऊन आत गेले.

त्यानंतर दोन हिवाळे बर्फ टाकला. फूल आलेलं नाही. कुणी विचारलं तर तेवढंच सांगावं, पुढे काही जोडू नये, अशी वहिनीची मला ताकीद आहे. मी मात्र जोडते, मला कोण अडवणार? फूल आलेलं नाही, आणि जागा तिची आहे.